जपानची सहल आणि आपल्या लेकी

परवा एटापल्लीत बचत गटाच्या बैठकीत एका आईने विचारलं, "बारावी झाली. आता पोरीला गडचिरोलीला शिकायला पाठवून काय होणार?" तेव्हा आम्ही जपानची गोष्ट सांगितली.

१९०१ साली टोकियोत नारुसे जिन्झो यांनी खास स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. शिकवणं त्यांच्याच जपानी भाषेत. त्याची माहितीपुस्तिका पुण्याच्या धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. १९१६ मध्ये त्यांनी आपल्याकडेही महिला विद्यापीठ सुरू केलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. मुली बोटांवर मोजण्याइतक्या, पैशाची ओढाताण.

पुढे मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानला गेले. लोक तिथली देवळं, बागा पाहतात. त्यांनी शिकणाऱ्या मुलीही पाहिल्या. परत आल्यावर, १९२० मध्ये, आई नाथीबाईंच्या नावाने कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. तेच आजचं एसएनडीटी. नंतर कर्वे स्वतःही टोकियोचं विद्यापीठ पाहून आले.

एका सहलीतून हजारो लेकींची वाट झाली. आपल्याकडे १५ लाख नाहीत, पण गटाची बचत आहे. त्या आईला आम्ही फी आणि खोलीभाड्यापुरतं कर्ज दिलं. पोरगी गडचिरोलीला निघाली आहे.

तुमच्या गावात अशी लेक थांबली आहे का? पुढच्या बैठकीत तिचा विषय नक्की काढा.