शेवटच्या दहा मीटरची कुळकथा

अंध प्रवाशाला बसथांब्यापर्यंत नेणाऱ्या मोबाईलचं मूळ शोधायला निघालं की सगळे उपग्रहाकडे बोट दाखवतात. ती वडिलांकडची बाजू झाली. आजोळ मात्र पाट्यांचं आहे, आणि ते सॅन फ्रान्सिस्कोत आहे.

1979 साली तिथल्या स्मिथ-केटलवेल नेत्रसंशोधन संस्थेत विल्यम लफबरो यांनी ‘टॉकिंग साइन्स’ हे तंत्र काढलं. पाटीवर एक छोटं इन्फ्रारेड यंत्र बसवायचं. पाटीवरचाच मजकूर ते न दिसणाऱ्या प्रकाशातून सतत सोडत राहतं. प्रवाशाने हातातला रिसीव्हर सावकाश डावीउजवीकडे फिरवायचा. पाटीचा रोख सापडला की आवाज स्वच्छ होतो आणि रोख सुटला की विरतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे पाटी काय म्हणते आणि कुठे आहे, ही दोन्ही उत्तरं एकदमच मिळतात. पॉवेल स्ट्रीट स्टेशनात ही यंत्रं लागली. अडचण पैशांची होती. पाटी तिथे यंत्र हवं, त्याला वीज आणि देखभाल हवी, आणि यंत्र नसेल तिथे हातातला रिसीव्हर मुका.

उपग्रहाची वाट 1985 मध्ये सांता बार्बराच्या विद्यापीठात जॅक लूमिस यांनी आखली. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक. गॉलेज यांची दृष्टी आदल्याच वर्षी गेली होती, म्हणजे गरज घरातलीच. पाठीवर संगणक, सोबत अँटेना आणि कानाला हेडफोन असा तो जामानिमा होता. जी इमारत ज्या दिशेला, तिचं नाव त्याच दिशेने आल्यासारखं कानात पडायचं. पण अमेरिकी सरकार उपग्रहांचा नागरी वापराचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. एवढ्यात गल्लीच बदलते! 2 मे 2000 पासून हा बिघाड बंद झाला.

पुढचं भराभर घडलं. 2005 मध्ये पोर्टलंडच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेने आपलं वेळापत्रक गूगलला दिलं आणि ते मांडण्याची पद्धत इतर शहरांनी उचलली. 2009 मध्ये आयफोनला ‘व्हॉइसओव्हर’ मिळालं आणि बटणं नसलेली गुळगुळीत काच स्वतःला वाचून दाखवू लागली. 2012 मध्ये हेलसिंकीच्या इल्का पिर्तिमा यांचं अंधांना वाट सांगणारं ‘ब्लाइंडस्क्वेअर’ अ‍ॅप आलं.

तरी शेवटचे दहा मीटर राहिलेच. उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटत येतो. फोन म्हणतो, पोहोचलात. थांब्याचा खांब असतो दहा मीटर पुढे. डोळसाला तो दिसतो, म्हणून त्याला ही चूक चूकच वाटत नाही. अंध माणूस खांबापासून दूर उभा राहतो, चालकाला वाटतं याला चढायचं नसेल, आणि बस निघून जाते. बॉस्टनच्या ‘मास आय अँड इअर’ रुग्णालयातल्या संशोधकांनी ‘ऑल अबोर्ड’ अ‍ॅपमध्ये थांब्याची पाटी ओळखायचं काम कॅमेऱ्याला दिलं. पाटी दिसली की अ‍ॅप अंतर सांगतं. त्यांच्या चाचणीत थांबा सापडण्याचं प्रमाण 93 टक्के निघालं. नुसत्या गूगल मॅप्सवर 52. स्पेनमधल्या मुर्सियाच्या ‘नॅव्हिलेन्स’ने थांब्यांवर रंगीत चौकोनांचे कोड लावले, फोन नेमका न रोखताही ते लांबून वाचता येतात.

म्हणजे हात पुन्हा डावीउजवीकडे फिरतोच आहे. उपग्रह थांब्याच्या आसपास आणून सोडतो, बाकीचं पाटी करते. माझ्या मते या कुळात श्रेय आजोळाला कमी मिळालं.

आपल्याकडे मात्र खांब सापडूनही भागत नाही. थांब्यावर तीन बस एकामागे एक लागल्या की आपली कोणती आणि तिचं दार कुठे, हा खरा प्रश्न. दिल्लीच्या आयआयटीने यासाठी ‘ऑनबोर्ड’ हे यंत्र काढलं आणि मुंबईत ‘बेस्ट’च्या बसवरही ते तपासलं गेलं. हातातल्या यंत्राचं बटण दाबलं की जवळच्या बसचे नंबर ऐकू येतात. आपला नंबर निवडायचा, की त्या बसच्या दाराशी लावलेला स्पीकर बोलू लागतो. त्या आवाजाच्या रोखाने जायचं. अर्थात ही स्पीकरची पेटी प्रत्येक बसमध्ये लागली पाहिजे. पेटी नसलेल्या बसचा नंबर आजही शेजारच्या माणसालाच विचारावा लागतो.