ब्राझील नटाचे झाड आणि त्याची माणसे

काजू आपण आपलाच समजतो. पण तो पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून गोव्यात आणला. त्याच देशातले दुसरे एक फळ मात्र आपल्याकडे आले नाही. जग त्याला ब्राझील नट म्हणते, तिकडचे लोक कास्तान्या म्हणतात. अॅमेझॉनच्या जंगलात हे झाड ५० मीटरपर्यंत उंच जाते. फळ नारळाएवढे, कवच लाकडासारखे, वजन दोन किलोपर्यंत. पावसाळ्यात ते आपोआप गळते. डोक्यात पडले तर माणूस दगावतो! कोयत्याने फोडले की आत १० ते २५ बिया निघतात. खायच्या त्या बिया. अगूटी नावाचा सशाएवढा प्राणी हे कवच कुरतडतो, काही बिया खातो, काही पुरून ठेवतो आणि विसरतो. त्यांतूनच नवी झाडे उगवतात.

आक्रे प्रांतातले मजूर कोरड्या दिवसांत रबराचा चीक काढीत आणि पावसाळ्यात या बिया वेचीत. मालकाच्या दुकानातली उधारी मात्र बारमाही असे. १९७० नंतर तिथे गुरांचे मोठे मालक आले आणि जंगल जाळून कुरणे होऊ लागली. १९७६ पासून मजूर बायकामुलांसह तोडीच्या जागी जाऊन उभे राहू लागले. आपण त्याला धरणे म्हणू. पण तिथे समोर यंत्रकरवत आणि मागे भाडोत्री बंदूक असे. १९८० मध्ये विल्सन पिन्येरो या पुढाऱ्याला युनियनच्या कचेरीतच गोळ्या घातल्या. २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरीचे शिकू मेंदेस घराच्या मागल्या दारी मारले गेले. वय अवघे ४४. हा माणूस तरुणपणी वर्तमानपत्रांवरून वाचायला शिकला होता. माझीही अक्षरओळख पक्की झाली ती युनियनच्या कचेरीतच, म्हणून हे वाचताना मी थबकलो.

१९९४ मध्ये सरकारी हुकुमाने कास्तान्या तोडण्यास बंदी झाली. मालकांनी भोवतीचे रान साफ केले आणि ही झाडे कुरणात उभी ठेवली. पण या फुलाची झाकलेली पाकळी उघडायला अंगाने दांडगी मधमाशी लागते, आणि ती राहते रानात. कुरणातल्या झाडाला फळ जवळजवळ धरतच नाही.

मजुरांची मागणी वेगळी होती: सगळे रान राखा आणि आम्हांला त्यात राहू द्या. १९९० मध्ये मेंदेस यांच्या नावाने सुमारे साडेनऊ लाख हेक्टर जंगल तसे राखून ठेवले गेले. तिथे आजही बिया वेचल्या जातात. पण रबराला भाव उरला नाही, आणि वेचणाऱ्यांपैकीच काहींनी आता तिथे गुरे पाळली आहेत.