अवटू विकारांवरील किरणोत्सारी आयोडीन उपचार

किरणोत्सारी आयोडीन उपचार ही अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या काही विकारांवर शस्त्रक्रियेविना करावयाची उपचारपद्धती होय. भारतात तिच्या प्रसारात मुंबईतील परळ येथील रेडिएशन मेडिसीन सेंटरचा वाटा मोठा आहे. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेने (आताचे भाभा अणुसंशोधन केंद्र) १९६३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले.

तत्त्व

मानेच्या पुढील भागात असलेल्या अवटू ग्रंथीला संप्रेरके तयार करण्यासाठी आयोडीन लागते व ते ती रक्तातून वेचून घेते. साधे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांत तिला भेद करता येत नाही. रुग्णाने आयोडीन-१३१ द्रवरूपात वा कॅप्सूलमधून घेतले की ते ग्रंथीत साठते. त्यातून निघणारे बीटा किरण ऊतीत जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे ग्रंथीच्या पेशी नष्ट होतात, पण शेजारच्या अवयवांना फारशी इजा होत नाही. सोबतच्या गॅमा किरणांमुळे ग्रंथीची प्रतिमाही घेता येते.

इतिहास

आयोडीन-१३१ चा शोध १९३८ मध्ये लागला. १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ यांनी बोस्टन येथे अतिक्रियाशील अवटूच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीनचा पहिला उपचार केला.

आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे उरते. हे औषध कपाटात साठवून ठेवण्याजोगे नाही. दूर देशाहून मागविल्यास वाटेतच त्याचा बराचसा अंश वाया जातो. म्हणून उपचाराचा खरा पाया रुग्णालयापेक्षा अणुभट्टी हाच म्हणावा लागेल. ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ मध्ये व ‘सायरस’ १९६० मध्ये कार्यान्वित झाली. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ मिळवितात. भट्टी आणि रुग्णशय्या एकाच शहरात असणे ही परळच्या केंद्राची मोठी सोय ठरली.

उपयोग व मर्यादा

ग्रेव्ह्‌ज रोग, अतिक्रियाशील गाठी आणि अवटूच्या कर्करोगाचे काही प्रकार यांत हा उपचार करतात. कर्करोगात मात्रा मोठी असते, त्यामुळे रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते. शरीरातील बरेचसे आयोडीन मूत्रावाटे बाहेर पडते. ते गटारात न सोडता टाकीत साठवून, किरणोत्सार पुरेसा घटल्यावरच सोडतात. ऐंशी दिवसांत तो सुमारे एक सहस्रांशावर येतो.

गर्भवती व स्तनदा मातांना हा उपचार देत नाहीत. घरी परतल्यावरही रुग्णाने काही दिवस लहान मुले व गर्भवतींपासून अंतर राखायचे असते. हिंगोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या रुग्णाने एस.टी. वा रेल्वेच्या गर्दीतून परतण्याआधी याविषयी डॉक्टरांना विचारणे अगत्याचे आहे.

उपचारानंतर अनेकांची ग्रंथी कालांतराने मंदावते. तेव्हा लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज, बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते व रक्तातील टीएसएचची तपासणी वेळोवेळी करावी लागते. हा उपचार फसल्याचा पुरावा नव्हे. ग्रेव्ह्‌ज रोगात तो बहुधा अपेक्षितच परिणाम असतो. मात्र ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितलेली नसली, तर तो बरे वाटताच गोळी सोडून देतो आणि काही महिन्यांनी थकवा, सूज, बद्धकोष्ठता अशा तक्रारी घेऊन परत येतो.