कूपरेजचा संघ खाली गेला, तो परत आलाच नाही

थोडं लांब लिहिलंय. फुटबॉलमध्ये रस नसेल तरी वाचा, कारण फिरून फिरून विषय आपल्याच दारात येतो.

एप्रिल २०१७ ची गोष्ट. मी तेव्हा नेवाशाहून बातम्या पाठवायचो. पण नगरच्या ऑफिसात क्रीडा पान लावणारा माणूस सुट्टीवर गेला आणि दोन आठवडे ते काम माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर पुणतांब्याचे फोन. शेतकऱ्यांनी संपावर जायचं ठरवलेलं, पुढे १ जूनला तो संप झाला आणि देशभर गाजला. संध्याकाळी पानावर बसलो की आयपीएल. त्या वर्षी मुंबई इंडियन्स आणि पुण्याचा सुपरजायंट असे महाराष्ट्राचे दोन संघ जोरात होते, दोघं अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि मुंबई एका धावेने जिंकली. अशा धामधुमीत एजन्सीची चार ओळींची बातमी आली की मुंबई एफसी आय-लीगमधून खाली गेली. जागा नव्हती. मी ती उडवली. खरं सांगायचं तर जागा असती तरी उडवली असती.

'खाली गेली' म्हणजे काय, हे आधी सांगतो. आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्याला ही भानगड फारशी माहीत नसते. रणजीत एलिट आणि प्लेट असे गट आहेत, संघ वरखाली होतात, पण त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. आयपीएलमध्ये तर शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा हजर. फुटबॉलमध्ये तसं नसतं. इंग्लंडात १८८८ साली १२ क्लबांनी लीग सुरू केली, चार वर्षांनी दुसरी श्रेणी आली, आणि १८९८ पासून नियमच झाला की वरच्या श्रेणीत तळाला राहील तो खाली आणि खालच्यात वर येईल तो वर. त्यामुळे तळाच्या दोन संघांचा सामनाही विजेतेपदाच्या सामन्याइतकाच जीव खातो. पुढे जगभर हीच पद्धत पसरली. भारतात १९९६ ला नॅशनल फुटबॉल लीग आली, २००७ ला तिची आय-लीग झाली, तिथेही हा नियम होता.

मुंबई एफसी त्याच २००७ सालातली. मालक एस्सेल समूह, म्हणजे झी टीव्हीवाले. गंमत बघा, याच समूहाने त्याच वर्षी क्रिकेटमध्ये आयसीएल काढली होती. बीसीसीआयने तिला दोन वर्षांत झोपवलं. फुटबॉलचा संघ मात्र टिकला. डेव्हिड बूथ नावाचे इंग्रज प्रशिक्षक आणले, २००८ ला दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन संघ वर चढला, आणि पुढची नऊ वर्षं तिथेच राहिला.

नऊ वर्षं ऐकायला कमी वाटतात. पण आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. कंपनीने २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडियाचा संघ २०१३ ला परवान्याच्या अटीत बसला नाही म्हणून बाहेर. पुणे एफसी २०१५ ला बंद. ज्या मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप खेळला गेला, कोलकात्याचे मोठे संघ जिथे येऊन घाम गाळायचे, तो रोव्हर्स कपही २००१ च्या सुमारास संपला. एवढ्या पडझडीत मुंबई एफसी उभी होती. कधी जिंकली नाही फार, पण पडलीही नाही.

ती पडली नाही याचं श्रेय बरंचसं खालिद जमील यांना. कुवेतमध्ये जन्मलेला हा खेळाडू महिंद्रा, एअर इंडिया करत मुंबई एफसीत आला. दुखापतींनी खेळ थांबला आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, थेट मुख्य प्रशिक्षक झाला. सात हंगाम त्यांनी हा संघ सांभाळला. पैसा बेताचा, मैदानाची बोंब (कूपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबईचा संघ 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळायचा!), आणि खेळ असा की बघणाऱ्याला जांभई यावी. मागे दहा माणसं, पुढे एक लांब चेंडू. लोक नावं ठेवायचे. पण दरवर्षी शेवटच्या आठवड्यांत कुठून तरी गुण गोळा करून संघ वर राहायचा. दुष्काळात घर चालवणारी बाई जशी भागवते, तसं ते भागवणं होतं.

मी कूपरेजला एकदाच गेलोय. मंत्रालयात एका कामासाठी दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरून वैतागलो होतो. बाहेर पडलो तर चालत पाच-दहा मिनिटांवर मैदान, आतून ढोलाचा आवाज. गेलो आत. छोटंसं स्टेडियम, प्लास्टिकचं गवत, भोवती उंच इमारती. एका कोपऱ्यात पन्नास-साठ पोरं घसा फोडून ओरडत होती, बाकी खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या. माझ्या शेजारचे गृहस्थ डबा खात सामना बघत होते. कोण जिंकलं ते आठवत नाही. पण त्या पोरांचा आवाज आठवतो. एवढी मोठी मुंबई, आणि तिच्या नावाच्या संघामागे एवढीच माणसं, असं तेव्हा वाटलं होतं.

२०१६ मध्ये क्लब आणि जमील वेगळे झाले. त्यांच्या जागी संतोष कश्यप आले. मुंबईचाच माणूस, कमी पैशात काम केलेला. शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहला त्यांनी २०१५ मध्ये आय-लीगमध्ये तिसरं आणलं होतं. पण इथे काही जमलं नाही. १८ सामन्यांचा हंगाम, त्यातले विजय मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली. बरोबरीवर बरोबरी, मग हार, मग पुन्हा बरोबरी. हंगाम अर्ध्यावर असताना कश्यपना काढलं, स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. तोपर्यंत उशीर झाला होता. दहा संघांत मुंबई एफसी दहावी.

आता याच हंगामाची दुसरी बाजू. मुंबईतून निघालेले जमील कुठे गेले? मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे. हा ऐजॉल आदल्या वर्षी खालून दुसरा होता. सगळ्यात खाली होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स, पण नव्याने घेतलेल्या कंपनीच्या संघाला खाली ढकलायचं नाही अशी सवलत होती, म्हणून ढकलला गेला ऐजॉल. मग गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग संघटनेच्या धोरणावर चिडून लीगमधून बाहेर पडले, संघ कमी पडले, तेव्हा ऐजॉलला परत बोलावलं. जमील यांनी मुंबई एफसीतले आशुतोष मेहता, जयेश राणे असे खेळाडू सोबत नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐजॉलने आय-लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता.

म्हणजे मुंबईने सोडलेला माणूस त्याच हंगामात पहिला, आणि मुंबई शेवटची. मी ज्या बातमीला जागा दिली नाही तिच्या पोटात ही बातमी होती. फोन फिरवला असता, चार माणसांना विचारलं असतं, तर पानभर मजकूर झाला असता. असो.

खाली जाणं म्हणजे मरण नाही, हा या पद्धतीचा सगळा अर्थ आहे. ऐजॉलने विजेतेपद मिळवलं त्याच्या आदल्याच दिवशी, २९ एप्रिलला, इंग्लंडात संडरलँड प्रीमियर लीगमधून खाली गेला. जहाजं बांधणाऱ्यांचं आणि कोळसा खाणींचं गाव, दोन्ही धंदे बुडालेले, उरला तो फुटबॉल क्लब. पुढच्याच वर्षी तो आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. आणि लोक? २०१८ च्या नाताळात तिसऱ्या श्रेणीच्या एका सामन्याला तिथे ४६,०३९ माणसं आली. २०२५ मध्ये संडरलँड परत वर आला. आठ वर्षं लागली.

मुंबई एफसीचं काय झालं? मालकांनी खेळाडू मोकळे केले, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीच्या यादीत नावच नव्हतं. डीएसके शिवाजीयन्सनेही त्याच वेळी गाशा गुंडाळला. ते घर पुढे कशात बुडालं ते ठेवीदारांना विचारा. २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. आणि त्या हंगामाचा विजेता कोण? मिनर्व्हा पंजाब, जो आदल्या वर्षी मुंबईच्या बरोबर वर, नववा होता.

मालकाला दोष देऊन विषय संपवता येतो, पण मला तेवढं पुरत नाही. कंपनीने संघ काढला जाहिरातीसाठी, जाहिरात मिळेना, बंद केला. २०१४ ला आयएसएल आल्यावर टीव्ही, नट-नट्या, पैसा सगळा तिकडे गेला, मुंबईला दुसरा चकचकीत संघ मिळाला, कूपरेजवरच्या संघाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. व्यवहार म्हणून सगळं बरोबरच. माझा प्रश्न वेगळा आहे. हा संघ बंद होऊ नये असं म्हणायचा अधिकार कुणाला होता? त्या कोपऱ्यातल्या पन्नास-साठ पोरांना? ती प्रेक्षक होती, सभासद नव्हती.

सभासद हा शब्द आपल्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. प्रवरेचा कारखाना १९५० साली इथेच उभा राहिला, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. बार्सिलोना आणि रिअल माद्रिद हे जगातले बलाढ्य क्लब आजही सभासदांच्या मालकीचे आहेत, अध्यक्ष निवडून येतो. बार्सिलोनाचे लाखाहून जास्त सभासद आहेत. जर्मनीत नियम आहे की मोजके अपवाद सोडले तर निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात हवीत. आता कुणी म्हणेल, सभासद असून आपल्याकडच्या कारखान्यांचं काय झालं ते माहीत आहे. मान्य. सर्वसाधारण सभेत मंजूर, मंजूर ओरडून काय काय मंजूर झालं ते मी वीस वर्षं मांडवात बसून बघतोय. पण तिथे निदान उठून बोलायला माईक तरी असतो, तो हिसकावला गेला तर त्याची बातमी होते. कूपरेजवर माईकच नव्हता.

महाराष्ट्रात याला अपवाद एकच, कोल्हापूर. तिथे संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते ती कूपरेजने अलीकडे बघितली नसेल. भांडणं, हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, त्याचं कौतुक मी करत नाही. पण तिथला संघ हरला म्हणून पेठ काही बंद पडत नाही. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात आपला अनिकेत जाधव खेळला, तो याच मातीतला.

त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ ला सरकारने राज्यभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला. शाळाशाळांत चेंडू आले. आमच्या भागातल्या एका शाळेत मी फोटो काढायला गेलो होतो. मोहिनीराजाच्या यात्रेत असावा तसा पोरांचा आनंद. त्यातल्या एका पोराने विचारलं, "सर, आपला संघ कोणता?" मी मुंबई इंडियन्स म्हणणार होतो, मग लक्षात आलं की तो फुटबॉलचं विचारतोय. पाच महिन्यांपूर्वीच 'आपला' एक संघ संपला होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तीन-चार महिन्यांनी पुन्हा त्या शाळेत गेलो तर चेंडू कपाटात होते. पंप नव्हता.

आयएसएलवाल्यांनी खाली जाण्याची कटकटच ठेवली नाही. पहिल्या ११ हंगामांत तिथून एकही संघ खाली गेला नाही. मग सगळे सुरक्षित राहिले का? एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडली, तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एकदा विजेता झाला, मग पगार थकले, तळाला गेला, तरी लीगमध्येच राहिला, आणि २०२५ मध्ये तोच संघ उचलून दिल्लीला नेला. पुण्याची जागा अशी हैदराबादवरून दिल्लीला पोचली. एसटीची गाडी एका डेपोतून दुसऱ्या डेपोत जाते तशी. त्याच २०२५ च्या जुलैत हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवला गेला, कारण संघटना आणि व्यावसायिक भागीदार यांचा करार संपत आला होता.

ऐजॉलची गंमत राहिली. २०१७ ला विजेते झाल्यावर त्यांना कळलं की देशातली बडी लीग आता आयएसएल होणार आणि तिथे विजेत्याला जागा नाही, पैसेवाल्याला आहे. क्लबच्या मालकांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. उपोषण म्हटलं की आपल्या जिल्ह्याला काही सांगायला नको. जागा काही मिळाली नाही.

आणि खालिद जमील? १ ऑगस्ट २०२५ ला ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. १३ वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस बसला. पहिल्याच स्पर्धेत तिसरा क्रमांक आणला, ओमानला पेनल्टीवर हरवून. मग ऑक्टोबरात सिंगापूरकडून घरच्या मैदानावर हरून आशिया चषकाची पात्रता हुकली. लोक पुन्हा म्हणायला लागले, फार बचावात्मक खेळतो हा माणूस. कूपरेजवरही हेच म्हणायचे.

डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा नेवाशातून चार पोरं गेली होती, हजारो रुपयांची तिकिटं काढून. त्यांना मी विचारलं, वानखेडेपासून कूपरेज किती लांब आहे माहीत आहे का? दीड-दोन किलोमीटर असेल. कूपरेज हे नाव त्यांतल्या एकानेही ऐकलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी मुंबई एफसीचे सामने बघितले असतील, जुनं तिकीट, जर्सी, फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. आणि त्या शाळेचा पंप मी २०१८ ला घेऊन दिला होता, आता तोही सापडत नाही म्हणतात.