तालीम आणि मांड

चिंता हा केवळ मनाचा विषय आहे, असे आपण धरून चालतो. म्हणून तिच्यावर उपाय शोधताना उपदेश, नामस्मरण, फार तर औषध, एवढेच आपल्याला सुचते. आपल्या परंपरेने मात्र या उपायांतून शरीराला कधी वगळले नव्हते. मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचणाऱ्या समर्थ रामदासांनीच बलोपासनेसाठी ठिकठिकाणी मारुती स्थापिले, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही.

विसाव्या शतकात या विचाराला प्रयोगाची जोड मिळाली. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी यंत्रसाहाय्याने तपासला आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून जगापुढे मांडला.

परंतु आखाडा आणि तालीम ही प्रामुख्याने पुरुषांची. आमच्या पेडणे महालातील स्त्रियांचे काय? १७८८ साली हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. पुढील काळात येथील कितीतरी कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईस गेले. मागे राहिलेल्या बायकांनी शेत राखले, म्हातारीकोतारी सांभाळली आणि पत्राची वाट पाहिली. मांद्रे गावातील जुन्या घरांच्या ओसऱ्यांना ही काळजी ठाऊक आहे. दप्तरांत तिची नोंद नाही.

या बायकांची तालीम म्हणजे मांड. पौषातील रात्री धालो रंगत. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेभोवती हात, गाण्याच्या लयीत वाकणे आणि पुढे-मागे पडणारी पावले. भाद्रपदात चवथीला फुगडी. तिचा वेग वाढला की 'फू' असा श्वास जोराने बाहेर पडे. कळशी फुगडीत तर कळशीच्या तोंडाशी फुंकर घालीत खेळावयाचे.

काळजीने छाती धडधडते, श्वास फुलतो. श्रमानेही तेच होते. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या अंगवळणी पडते, की धडधड म्हणजे संकट नव्हे, ती आपोआप शमते. आखडलेले स्नायू सैल होतात, झोप लागते. प्रौढांनी आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चिंतेने आजाराचे रूप घेतले असेल, तर मात्र वैद्यकीय उपचार हवेतच. व्यायाम त्यांना पूरक ठरतो.

आमच्या आज्या-पणज्या चिंता घालविण्यासाठी मांडावर गेल्या, असे आम्ही म्हणणार नाही. त्या गेल्या त्या देवीसाठी, रीत म्हणून आणि हौसेने. परंतु घरी परतताना मनावरचा भार थोडा हलका झालेला असे, हेही खरे असावे.

आता फुगडी स्पर्धेच्या व्यासपीठावर चढली आहे. दहाजणी खेळतात, शेकडोजणी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवितात. कला त्यामुळे टिकेलही. पण बसून पाहणारीचा श्वास काही मोकळा होत नाही. मांड जपावयाचा, तर त्यावर उतरावेच लागेल.