दोन गोरेगाव आणि घरातला पत्ता

गोंदिया जिल्ह्यात गोरेगाव हा तालुका आहे आणि मुंबईतही गोरेगाव आहे. जिल्ह्याच्या आतच सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे दोन तालुके आहेत. नुसत्या नावावर विसंबून टपाल वाटले, तर गफलत ठरलेली. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिने गोंदियाला ४४१६०१, तर जिल्ह्यातल्या गोरेगावला ४४१८०१ हा क्रमांक दिला. त्यातला ४४ म्हणजे विदर्भ, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण हे क्रमांक ४४१ च्या मालिकेतच राहिले. जिल्ह्याची सीमा बदलली म्हणून टपालाची वाट बदलत नाही.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली. तिथला यंत्राचा पत्ता तेव्हा ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. एवढे जगाला पुरणार नाहीत हे ओळखून मार्च १९९४ मध्येच काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. एक क्रमांक एकाच भागाचा, हा पिनकोडचा नियम इथे उलटा झाला. गोंदियातल्या राईस मिलच्या कार्यालयात आणि मुंबईच्या गोरेगावातल्या घरात १९२.१६८.१.१० हाच पत्ता एकाच वेळी चालतो, कारण तो भिंतीबाहेर कोणी विचारत नाही.

आतले पत्ते कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्याहून जुना. १९८५ च्या बूटपी पद्धतीत यंत्राचा कारखान्यात दिलेला मॅक क्रमांक आणि त्याचा पत्ता यांचा तक्ता माणसाने भरायचा असे. १९९३ मध्ये डीएचसीपी ही पद्धत आली आणि पत्ता ठरावीक मुदतीच्या भाड्याने मिळू लागला. सोय झाली, पण कालचा प्रिंटर आज वेगळ्याच पत्त्यावर सापडू लागला. आजच्या राऊटरमधील ‘पत्ता राखून ठेवणे’ म्हणजे खरे तर बूटपीचा जुना तक्ताच, नव्या पडद्यावर.

सिमकार्डवर चालणाऱ्या मोबाइल राऊटरला या तक्त्याची गरज अधिक भासते. कंपनीकडून त्याला बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला, बदलता बाहेरचा पत्ता मिळतो; २०१२ मध्ये अशा वाटणीसाठी १००.६४ पासूनचा वेगळा गटही राखला गेला. त्यामुळे बाहेरून थेट घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येईलच असे नाही. आतला पत्ता मात्र मालकाच्या हाती असतो. राऊटरच्या व्यवस्थापन पानावर मॅक क्रमांक नोंदवून त्याच्यासमोर पत्ता लिहिला की कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला दर वेळी तोच मिळतो. काही स्वस्त राऊटरांत ही सोय नसते. तिथे पत्ता उपकरणातच भरावा लागतो, आणि तो राऊटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडावा लागतो, नाहीतर दोन यंत्रे एकाच पत्त्यावर हक्क सांगतात.

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन प्रत्येक वायफायला खऱ्या मॅक क्रमांकाऐवजी यादृच्छिक क्रमांक दाखवू शकतो; वर्षभराने आयफोनही तसेच करू लागले. म्हणून फोनचा पत्ता राखायचा असेल, तर त्या वायफायपुरता खरा क्रमांक वापरण्याची मुभा फोनमध्येच देणे खात्रीचे ठरते.