सात हजारांची शिदोरी

आपल्या मराठी चरित्रवाङ्मयाकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. घरदार सोडून गेलेल्यांवर आपण थोरथोर ग्रंथ लिहिले. पण घर न सोडता, घरातल्या सगळ्यांचे ओझे खांद्यावर घेऊन ज्यांनी उभा जन्म कष्ट उपसले, त्यांच्या वाट्याला फार तर तेराव्याच्या दिवशी चार शब्द आले. संतांविषयी, देशभक्तांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु फराळाचे ताट पुढे ओढून हा अंक वाचणारे तुम्ही-आम्ही सारे प्रपंची. म्हणून एका प्रपंची माणसाचीच हकीकत सांगावी असे वाटले. गृहस्थ आमच्या खानदेशातले : भवरलाल हिरालाल जैन.

मी चोपड्याचा. 1679 साली शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव आणि चोपडा ही दोन्ही गावे लुटली, ही गोष्ट आमच्याकडे अजून थोड्या ऐटीत सांगतात. लुटण्याजोगे काही होते, हीच त्यातली ऐट! पुढे आगगाडी तापीच्या दक्षिणेकडून गेली आणि पेठेचा जोर अमळनेर-जळगावाकडे सरकला. तेव्हापासून कापूस असो, केळी असो की कंदिलातले रॉकेल, चोपडेकराने तापी ओलांडावी आणि जळगाव गाठावे. जळगावच्या माणसांचे बरेवाईट आम्हांला कळत आले ते या व्यवहारातून.

भवरलालजींचा जन्म 12 डिसेंबर 1937 रोजी, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या वाकोद या खेड्यात झाला. घराणे मूळचे मारवाडातले. शेती, आणि जोडीला किरकोळ देवघेव. मुलगा मुंबईस जाऊन वाणिज्य व कायदा शिकला, सरकारी अधिकाऱ्याची जागाही चालून आली. त्या काळी खेड्यातल्या घराला याहून मोठे भाग्य ते कोणते? पण आई गौराबाई यांचा कौल निराळा पडला. नोकरीने एका घराचे भागेल. मातीशी नाते ठेवून काही केले तर चार घरांचे भागेल, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. मुलाने तो मानला.

1963 साली त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. भांडवल सात हजार रुपये. ही रक्कम घरातल्या तीन पिढ्यांची मिळून शिल्लक होती. हा आकडा मी पुष्कळदा मनात घोळवला आहे. तीन पिढ्या म्हणजे किती सुना, किती चुली, किती मोडलेले आणि पुन्हा घडवलेले दागिने, न घेतलेली किती लुगडी! ती सगळी पुंजी एका तरुणाच्या हाती द्यायची आणि त्याने रॉकेलचे डबे गाडीवर लादून दारोदार फिरायचे. बुडाले असते तर त्याचे एकट्याचे बुडाले नसते. अशा माणसाला रात्री झोप कशी लागत असेल, हे ज्यांनी घरच्या पैशावर दुकान मांडले आहे त्यांनाच विचारावे.

पुढची काही वर्षे भराभर सांगता येतील. रॉकेलमागून खते आली, बियाणे आले, ट्रॅक्टर आणि पाइप यांच्या एजन्सी आल्या. भाऊ, चुलतभाऊ हाताखाली आणि हाताबरोबर. एकत्र कुटुंबाची आपण गोडवी गातो किंवा टवाळी करतो. पण धंद्यात त्याचा उपयोग काय, हे फारसे कोणी सांगत नाही. पगार न मागणारी, न चोरणारी आणि रागावली तरी संध्याकाळी त्याच पंगतीला बसणारी माणसे तिथे मिळतात. कामगारही त्यांना ‘मोठे भाऊ’ म्हणू लागले. नात्याचे हे नाव शेवटपर्यंत टिकले.

1978 साली त्यांनी जळगावातला केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेतला. सात हजारांच्या घराने तीस लाखांची उडी मारावी! त्या यंत्रांवर त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतले. याची आठवण आमच्या भागात पुष्कळांना असेल. कच्च्या, पण पुरत्या भरलेल्या पपईवर सकाळच्या गारव्यात उभ्या चिरा द्यायच्या, टपटप पडणारे दूध भांड्यात धरायचे. ऊन चढायच्या आत काम उरकावे लागे. त्या चिकाने बोटांची सालपटे निघत, आणि मजूर बायका हातांना तेल चोळून शेतात शिरत. औषधांत आणि बिअर नितळ करण्यात हे पपेन वापरले जाई. चांगल्या प्रतीचा माल परदेशी जाऊ लागला. ज्या फळाला बाजारात मोल नव्हते, त्याच्या ओरखड्यातून पैसा आला.

त्यानंतर पाइप, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ठिबक. इस्रायलच्या वाळवंटात वाढलेली ही पद्धत खानदेशच्या केळीला लागू पडली. नव्वदीच्या दशकात ऊतिसंवर्धनाची रोपेही आली. कंदाची केळी दीड वर्ष घेई, ही अकरा-बारा महिन्यांत घड देऊ लागली. इथे एक गोष्ट बोलून टाकतो. थेंबाथेंबाने जे पाणी वाचले, त्यावर आमच्या लोकांनी आणखी केळी लावली, आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात भूजल खालीच जात राहिले. नळी विकणाऱ्याचा हा दोष म्हणावा का? मला तसे वाटत नाही. पण हिशेबात ही बाजूही मांडली पाहिजे.

हिशेबावरून दुसरी गोष्ट. भरभराटीच्या दिवसांत त्यांच्या कंपनीने शेतीबाहेरच्या धंद्यांत हात घातला, आणि नव्वदीच्या उत्तरार्धात ती कर्जाच्या चिखलात रुतली. तेव्हा त्यांनी भागधारकांपुढे जाहीरपणे चूक कबूल केली. नामांकित सल्लागारांच्या सल्ल्याने कोणी असे करीत नाही. लग्नकार्यात पंगतीला कमी पडले, तर यजमान स्वतः हात जोडून उभा राहतो. ती रीत त्यांनी तिथे चालवली, असे मला वाटते. मग पुन्हा शेतीकडेच वळून कंपनी सावरली. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हृदयविकाराने त्यांना पुष्कळ वर्षे छळले होते. काम मात्र सुटले नाही.

पण या माणसाला मी प्रपंची म्हणतो ते कारखान्यामुळे नव्हे. पत्नी कांताबाई 2005 साली गेल्या. त्यानंतर त्यांनी ‘ती आणि मी’ हे पुस्तक लिहिले. हजारोंना रोजगार देणारा उद्योगपती आपल्या संसाराविषयी पुस्तक लिहितो, आणि नावात आधी ‘ती’ येते. चोपड्यातल्या एका वाचनवेड्या आजींना मी त्याबद्दल सांगितले, तर त्या म्हणाल्या, “लिहिलं ते चांगलंच केलं रे, पण तिनं वाचलं असतं तर!” त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची सगळ्यांत मोठी नोंद ज्याच्या नावे होती, ते माणूस उठून गेल्यावर वहीत चढली.

मार्च 2012 मध्ये जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभे राहिले. पुढे 25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत भवरलालजींचे निधन झाले. चारही मुलगे वडिलांच्याच उद्योगात आहेत.

जळगावजवळ गिरणेवर एक बंधारा आहे. गिरणा ही उन्हाळ्यात वाळूची नदी. त्या बंधाऱ्यामागे मात्र पाणी अडते, आणि आजूबाजूच्या विहिरींना त्याचा पाझर पोहोचतो. बंधाऱ्याचे नाव कांताई.